फोनवरचे आप्पा

आठवडाभर स्टुडिओत मालिकांमधले खरखरीत आवाज नितळ करून शिणलेली वृंदा दीड वर्षानं मिरजेला माहेरी पोचली. दार उघडून आप्पा काहीतरी बोलले, पण तोंडातून नुसती हवाच आली.

"आप्पा, घसा कधीपासून असा?"

"वर्ष झालं," ते कसेबसे कुजबुजले.

रोज फोनवर तर ते खणखणीत बोलायचे! पण हल्ली कुठलाच फोन फाटका आवाज फाटका ऐकवत नसे. आवाज नितळ करायचं तिचंच काम आता फोनही आपोआप करत होते.

बोलून दमलेल्या आप्पांनी मोबाइल उचलला. तिच्या पर्समधला फोन वाजला, तिनं तो कानाला लावला. "जेवलीस का गं?" तोच भरदार आवाज.

तिनं फोन बंद केला आणि त्यांच्या ओठांशी कान नेला.

"असंच बोला, आप्पा."