नाव न घेतल्याचा खर्च

"नवऱ्याचं नाव सांगा, बाई," कोर्टातला कारकून दुसऱ्यांदा म्हणाला.

येसूबाईने पदर कपाळापर्यंत ओढला आणि ती खाली बघत उभी राहिली. मागच्या बाकावर तिचा नवरा भागोजी घामाने निथळत होता. खटला तर आपण जिंकलोय ना? मग ही आज पिंजऱ्यात कशाला?

वकीलसाहेबांनी सकाळीच सगळं समजावलं होतं, पण बरंचसं त्याच्या डोक्यावरून गेलं. रात्री चोरून, कर न भरता मीठ उचलल्याचा ठपका ठेवून सरकारी खात्याने उरणजवळचं त्याचं मिठागर बंद केलं होतं. तेही त्याला न बोलावता. नोटिशीवर त्याचा अंगठा नाही म्हणून कोर्टाने तो हुकूम रद्द केला आणि मिठागर परत मिळालं. इथवर ठीक. पण वकिलाच्या फीपायी होडी शेठकडे गहाण पडली होती. मिठागर चालतं उन्हाळ्यात, उरलेलं वर्ष पोट होडीवर. खात्याने दाव्याचा खर्च भरून दिला तर होडी सुटणार, नाहीतर शिमगा झाला की ती शेठची.

आणि खातं म्हणत होतं, खर्च कसला? नोटीस आम्ही याच्या बायकोच्या हातात दिली होती. हा आलाच नाही, त्याला आम्ही काय करणार?

भागोजीचं एकच पालुपद होतं. "मला येकदा तरी इचाराया पायजे व्हतं."

"तेच तर आपलं म्हणणं," वकीलसाहेब म्हणाले होते. "मीठ कुणी नेलं, हा प्रश्नच नाही."

हे काही त्याला पटेना. मिठाचा खटला, आणि मिठाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही! हा कसला न्याय म्हणायचा?

येसूबाईच्या आधी खात्याच्या शिपायाची, गुणाजीची, साक्ष झाली होती. "गावात तीन भागोजी, साहेब," तो म्हणाला. "म्हणून मी आधी बाईला नवऱ्याचं पुरतं नाव विचारलं. तिनं सांगितलं, मग कागद दिला."

"अंगठा का घेतला नाही?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"भरती लागत होती. खाडी ओलांडायची होती मला."

"आणि बाईने तुला नवऱ्याचं नाव सांगितलं? परक्या माणसाला?" त्यांनी पुढे विचारलं. कोर्टात खसखस पिकली. गुणाजी कानापर्यंत लाल झाला, पण बोलणं बदललं नाही त्याने.

आता येसूबाई उभी होती. ती एवढंच म्हणाली, की शिपाई आला, नाव विचारलं, आपण गप्प राहिलो, तो निघून गेला. कागद बघितलाच नाही.

"ठीक," जज्जसाहेब म्हणाले. "मग आता इथे नाव घ्या. कागदावर लिहावं लागतं."

येसूबाई हूं नाही की चूं नाही.

"बाई, नाव घेतलं नाहीत तर तुमची साक्ष धरता येणार नाही. खर्चही मिळणार नाही."

भागोजीचा जीव टांगणीला लागला. घे गं बाई एकदाचं, मी काय लगेच मरतो की काय? दुसऱ्या क्षणी त्याला वाटलं, घेतलं तर हे खात्यावाले म्हणतील, आज घेतलं तर तेव्हा का नाही? काय झालेलं बरं, तेच त्याला कळेनासं झालं.

येसूबाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. पण ओठ उघडले नाहीत.

जज्जसाहेबांनी चष्मा काढला. होडी जाईल हे ठाऊक असूनही जी बाई इथे तोंड उघडत नाही, ती दारात आलेल्या शिपायाला नाव सांगेल, हे पटण्याजोगं नाही, असं ते म्हणाले. साक्षीत नाव कारकुनाने दाव्यावरून उतरून घ्यावं. खात्याने सगळा खर्च द्यावा, आणि या शिपायाचं काय करायचं तेही बघावं.

बंदराच्या वाटेवर भागोजीचे पाय जमिनीला लागत नव्हते. होडी सुटली! बायको असावी तर अशी. पुढून गुणाजी मान खाली घालून गेला.

"किती लबाड मानूस बघ," भागोजी म्हणाला.

"लबाड न्हाय तो." येसूबाईने मागेपुढे बघून घेतलं. "म्यां तुमचं नाव घेतलं व्हतं त्याच्याजवल. कागद घेतला नि चुलीत घातला."

भागोजी जागच्या जागी थांबला. "आनि मी सगल्यांना सांगत फिरतोय, मला कुनी इचारलं न्हाय. असं का केलंस गं?"

"मंग काय करू? त्यांनी इचारलं असतं, रातचं मीठ तू नेलंस का, नि तुमी व्हय म्हनाला असता."