मुळासकट नमुना

"आठवड्याभरात त्या सबनीसाच्या हिरवळीचं वाळवंट होतं की नाही बघ!" मालविकाबाई भाचीला म्हणाल्या.

तीस वर्षांपूर्वी त्यांनी थरच्या वाळवंटात उन्हातान्हात गोळा केलेल्या रानफुलावर विभागप्रमुख सबनीसांनी स्वतःचं नाव टाकलं होतं. आता कायदाच बाईंच्या मदतीला आला होता. त्या दुर्मिळ फुलाला वाळवंटच मानवतं, म्हणून वनस्पतिसंग्रहात त्याची जिथली नोंद होईल, तिथलं पाणी तोडून सरकारी संवर्धन यंत्रणा ड्रोननं वाळू ओतायची. बाईंनी फूल वर्तमानपत्रात दाबून वाळवलं, कागदावर चिकटवलं आणि खाली सबनीसांच्या बंगल्याचा पत्ता लिहिला. संशय नको म्हणून गोळा करणाऱ्याचं नावही सबनीसांचंच घातलं.

"पण मावशी, फूल आणलंस कुठून?"

"आपल्या गॅलरीतल्या कुंडीतून. मुळासकट उपटलं. मुळं नसली की नमुना परत पाठवतात मेले."

यंत्रणेकडे शहरातल्या कुंडीकुंडीच्या मातीची माहिती होती. तिनं मुळांना चिकटलेली माती तपासली आणि पत्ता दुरुस्त केला. गुरुवारी बाईंचा नळ कोरडा पडला. दुपारी ड्रोननं दिवाणखान्यात दोन ब्रास वाळू ओतली.

फुलाचं नवं ठिकाण शोधल्याबद्दल सबनीसांचा सत्कार रविवारी त्याच वाळूवर झाला.