पिल्लांचा घास

दिवेलागणीला घुबडाची मादी चोचीत उंदीर घेऊन कोठाराच्या तुळईवर अलगद उतरली. पिल्लं अख्खा उंदीर डोक्याकडून कशी गिळतात, हे लेक रोज कौतुकाने बघायची. एवढ्यात बाबा धावत आले. शिडी लावून वर चढले आणि काठीच्या एका फटक्यात त्यांनी तो उंदीर खाली पाडला. मादी फिस्कारत उडाली.

"बाबा, काय हे! उपाशी आहेत ती!" लेक रडायलाच लागली.

बाबांनी शिडीवरूनच पिल्लांकडे वाकून पाहिलं.

"अगं, दुपारी पोत्यांमागे उंदरांचं औषध टाकलं मी. यांचा विचारच आला नाही डोक्यात. हा आजचा पहिलाच ना?"

लेकीचं रडणं थांबलं.

"धाकट्याने मघाशीच एक गिळला," ती कशीबशी म्हणाली.