मधलं आडनाव

ओळखपत्राच्या कचेरीत दारावरच्या शिपायाने आईची पिशवी रिकामी केली तेव्हा त्यातून एक कात्री, दोन बॉबिन आणि टाचण्यांची डबी निघाली. शाळांचे गणवेश शिवणारी बाई घराबाहेर पडली तरी हत्यारं घेऊनच पडते. कात्री आणि डबी त्याने ठेवून घेतली, जाताना न्या म्हणाला. आई फाईल छातीशी धरून आत शिरली. मुलगी मागे.

टोकन एकशे बारा. भिंतीवरच्या पाटीवर सत्त्याण्णव. मुलीचा गुडघा हलायला लागला. आईने त्यावर हात ठेवला तेवढा वेळ थांबला, हात काढला की पुन्हा सुरू.

शुक्रवारी दोघींचं विमान होतं. पहिल्या तारखेपासून नव्या नियमाचं ओळखपत्र असल्याशिवाय विमानात घेत नव्हते. मुलीकडे ते होतं, आईकडे नव्हतं. मुलगी चार महिन्यांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली होती. तो कामाला जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचा. आईने सगळं ऐकून घेतलं आणि काळजीपोटी करत असेल, म्हणाली. मग रोज थोडं थोडं म्हणत राहिली. जुळवून घे, सगळ्यांकडे असतंच काही ना काही. शेवटी म्हणाली, मी स्वतः येते पोचवायला, त्याच्याशी मी बोलते. मुलीने तिकिटं काढली. कालपासून मात्र तिच्या मनात एकच घोळत होतं. आईच्या कागदांत काहीतरी कमी निघावं.

आणि निघालं.

खिडकीवरची बाई चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचत होती. जन्माच्या दाखल्यावर एक आडनाव, लग्नाच्या दाखल्यात ‘विवाहापूर्वीचे नाव’ या रकान्यात दुसरंच, आताचं तिसरं. नाव जितक्या वेळा बदललं तितके कागद हवेत, असा नवा नियम आहे, तिने सांगितलं. मधलं आडनाव आलं कुठून, त्याचा कागद यात नाही. मुलीने दाखला ओढून घेतला. तो तिनेच फाईलला लावला होता, पण वाचला कधीच नव्हता. लिहिणाऱ्याची चूक असणार, ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला एकदम हलकं वाटलं. मग दुरुस्त करून आणा, बाई म्हणाली, दीड-दोन महिने जातील. मुलीने भराभर कागद गोळा करायला घेतले.

आई जागची हलली नाही. तिने मुलीला बाहेरून पाणी आणायला सांगितलं. तुला तहान लागलेली नाही, मुलगी म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली.

फाईलला आईने स्वतः शिवलेलं कापडी कव्हर होतं. त्याच्या आतल्या शिवणीत बोट घालून तिने चार घड्यांचा एक कागद बाहेर काढला.

"चूक नाही," ती खिडकीवरच्या बाईला म्हणाली. "ते माझ्या पहिल्या नवऱ्याचं आडनाव. हा घटस्फोटाचा निकाल."

बाईने कागद उलगडला, तारखा जुळवल्या, शिक्का बघितला आणि झेरॉक्ससाठी मागे दिला. तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. फोटोला बोलावतील, तोवर बाकावर बसा म्हणाली.

बाकावर दोघींच्या मध्ये फाईल. मुलगी उठली, नळापर्यंत गेली, पाणी न पिताच परत आली. बसली, पुन्हा उठली. बाबांना माहीत होतं का, तिने उभ्यानेच विचारलं. त्यांच्यासमोरच तर दाखला लिहिला, आई म्हणाली. मुलांना सांगायचं नाही, हे दोघांनी मिळून ठरवलं होतं.

"किती दिवस होतीस तिथे?"

"अकरा महिने."

"अकरा महिन्यांत निघून आलीस," मुलगी म्हणाली. "आणि मी तीन वर्षं काढून आले, तर मला सांगतेस जुळवून घे."

आई बोटावरचा सुईचा जुना वण चोळत राहिली.

"मी आले तेव्हा तुझ्या आजोबांनी दार उघडलं नाही. आतूनच म्हणाले, परत जा. चार वर्षं मी शिवणाच्या कारखान्यात राहिले, कापडाच्या गठ्ठ्यांवर झोपले. तुझ्यावर ती पाळी येऊ नये, एवढंच डोक्यात होतं माझ्या."

"पण तू उघडलंस की दार," मुलगी म्हणाली.

आतून नंबर पुकारला. आईला उठायला जरा उशीरच लागला.

मान सरळ, केस कानामागे, हसायचं नाही, पापणी हलवायची नाही. मशीनने दोन फोटो नाकारले. डोळ्यांत पाणी असलं की चमक येते, फोटोवाला म्हणाला, सावकाश पुसा. तिसरा फोटो मशीनने घेतला.

दोघी पुन्हा खिडकीशी आल्या.

"तातडीचं परवा हातात मिळतं, साधं महिन्याभरात टपालाने येतं," बाई म्हणाली. "तुमचं तातडीचं धरलंय मी."

"साधं करा," आई म्हणाली.

मुलीने तिच्याकडे पाहिलं. आई अर्जाकडे बघत होती.

"अहो, पण प्रवासाची तारीख शुक्रवारची लिहिलीय तुम्ही."

"ती खोडते."

बाईने अर्ज काचेखालून सरकवला आणि पेन दिलं. खोडाल तिथे बाजूला पूर्ण नावाने सही करा, म्हणाली. आईने अर्ज हाताने नीट सपाट केला आणि तारखेवर रेघ ओढली. कापायच्या आधी कापडावर ओढतात तशी, एकच, सरळ.