एकच नातेवाईक

"तोंडातला खर्रा आधी थुंकून या," डॉक्टर संघप्रिया मान वर न करता म्हणाली.

मुखरूनं इकडेतिकडे पाहिलं आणि खाटेजवळच्या हात धुवायच्या बेसिनमध्येच पिचकारी मारली. पांढऱ्या बेसिनवरून तपकिरी ओघळ खाली उतरला. संघप्रियाला शिसारी आली. माणूस म्हणावं की काय याला, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं.

खाटेवर त्याची बायको आशाबाई पडली होती. हाडकुळी, ओठ पांढरेफटक, पोटाला बोटसुद्धा लावू देत नव्हती. सुटीचा दिवस असल्यानं दुपारी ग्रामीण रुग्णालयात संघप्रिया आणि रंजीता सिस्टर, दोघीच होत्या.

"काय झालं यांना?"

"पडली, मॅडम. मार्कंड्याच्या जत्रेतून येऊन राह्यलो होतो, त गाडीवरून पडली," मुखरू म्हणाला. त्याच्या तोंडाला मोहाच्या दारूचा वास येत होता.

गाडीवरून पडलेल्या बाईला कुठे साधं खरचटलेलंही नव्हतं. मुखरूच्या मानेवर मात्र नखांचे ताजे ओरखडे होते आणि शर्टाची कॉलर फाटून लोंबत होती. संघप्रियाला पुढे काही विचारायची गरजच वाटली नाही. अशा बायका तिनं पुष्कळ पाहिल्या होत्या, आणि त्यांना घेऊन येणारे असले नवरेही.

उशाशी त्यांचा मुलगा प्रफुल उभा होता. इस्त्रीचा शर्ट, बारीक कापलेले केस, बोलणं शुद्ध आणि अदबीचं. पोलीस भरतीची तयारी करतोय, मैदानी चाचणी तोंडावर आलीय, हे त्यानं आल्या आल्या सांगितलं होतं. बापाची थाप ऐकून तो खाली बघू लागला. लाज वाटली असणार बिचाऱ्याला.

संघप्रियानं सोनोग्राफीचं छोटं मशीन खाटेशी ओढलं. पोटावर जेल लावून उजव्या बरगड्यांशी प्रोब टेकवला. यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना चिकटलेली दिसायला हवीत. मध्ये काळी पट्टी होती. डावीकडे प्लीहेभोवतीही तेच. पण पोटात साधं पाणी साचलं तरी ते काळंच दिसतं. म्हणून तिनं सुईचं टोक पडद्यावर बघत बघत सुई आत घातली. सिरिंजमध्ये रक्त आलं, आणि ते गोठेना; म्हणजे ते शिरेतलं नव्हतं, पोटात साचलेलंच होतं.

"पोटात रक्त साचतंय," ती म्हणाली. "प्लीहा फाटली असणार. गडचिरोलीला नेऊन ऑपरेशन करावं लागेल, नाहीतर या वाचणार नाहीत."

बापलेक दोघेही खाटेवर वाकले. मुखरूची काळी नखं आशाबाईच्या दंडावर टेकली. आशाबाईनं तोंड भिंतीकडे फिरवलं. संघप्रियानं ते पाहिलं मात्र, आणि तिचा पारा चढला.

"तुम्ही बाहेर व्हा. पेशंटजवळ एकच नातेवाईक थांबतो इथे."

"मले राहू द्या ना, मॅडम. मी इथीच खाली बसतो. काही बोलत नाई."

"एकच म्हटलं ना! मुलगा थांबेल."

"पोराले पाठवा बाहेर. मले राहू द्या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारायचं ते मारायचं, वर बायकोनं तोंड उघडू नये म्हणून पहाऱ्याला बसायचं! तिनं त्याला दंडाला धरून दाराबाहेर काढलं, पोलिसांना फोन केला आणि बाहेरच्या नळावर साबण लावून हात खसाखसा धुतले. तरी तो वास जाता जाईना.

आत प्रफुल हळूच म्हणाला, "सॉरी, मॅडम. आमच्या घरात हे नेहमीचंच आहे."

तो उजवी मूठ चोळत होता. बोटांची पेरं सुजली होती.

"हाताला काय झालं?"

"गोळाफेक, मॅडम. भरतीची प्रॅक्टिस."

असल्या घरात राहूनही पोरगं धडपडतंय, याचं तिला कौतुक वाटलं. तिनं स्वतः त्याच्या हाताला पट्टी बांधून दिली.

जमादार आले तेव्हा मुखरू दारातच बसून होता. त्यानं उठून हात जोडले.

"गाडीवरून नाई पडली, सायेब. मीच मारलो. पोराले ठाण्यात नोका नेऊ, त्याची भरती हाये."

निदान एवढी तरी शरम शिल्लक आहे, असं संघप्रियाला वाटलं. पण चार पावलं जाऊन तो पुन्हा मागे वळला.

"मॅडम, सिस्टरले बसवा ना तिच्याजवर."

"आता आठवली का काळजी? तिचा मुलगा आहे तिथे."

मुखरूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग जमादाराकडे पाहून मिटलं आणि तो निघाला. जाता जाता पायरीवर थुंकायला मात्र विसरला नाही. तो फाटकाबाहेर गेला तेव्हा कुठे संघप्रियाला मोकळा श्वास घेता आला.

रक्ताची पिशवी लावून तिनं पुन्हा प्रोब टेकवला. काळी पट्टी रुंदावली होती. सुदैवानं रुग्णवाहिका लगेच आली. गाडीतही नातेवाईक एकच बसणार, असं ड्रायव्हरनं बजावलं. प्रफुल चपळाईनं आत चढला आणि स्ट्रेचर ओढून घ्यायला त्यानं पट्टी बांधलेला हात पुढे केला.

संघप्रिया आशाबाईच्या कानाशी वाकली. "घाबरू नका, आशाबाई. तुमच्या नवऱ्याला पोलिसांनी नेलंय. आता कोणी हात लावणार नाही तुम्हाला. प्रफुल आहे सोबत."

आशाबाईनं तिचा ॲप्रन घट्ट धरला.

"त्यायले काऊन नेलं, बाई? त्यायनंच त मले या पोराच्या हातातून सोडवलं."