'रन' ज्याला मिळाला नाही

पेंबरनं चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि शेगडीचं झाकण उघडलं.

चिठ्ठी सॉमरसेटमधल्या हॅना व्हाउल्स नावाच्या चीज करणाऱ्या बाईंची होती. इंग्रजी शब्दकोश तयार करणाऱ्या त्या कचेरीत शब्दांचे दाखले देणारी अशी पत्रं रोज यायची. बाईंनी पणजीच्या वहीतलं एक वाक्य उतरवून पाठवलं होतं: दुपारपर्यंत दूध 'रन' झालं. म्हणजे सांडलं नाही की वाहिलं नाही. घट्ट झालं, दह्यासारखं.

वाहण्याच्या शब्दाला थिजण्याचा अर्थ! बावीस वर्षांच्या नोकरीत पेंबरच्या हाती असं काही लागलं नव्हतं. आणि हे त्याच्या कामाचंच नव्हतं. 'रन' या शब्दाची नोंद लिहायचं काम मिस लॉकियरकडे होतं.

थर्झा लॉकियरला तिथं येऊन चारच वर्षं झाली होती. 'आर' अक्षर येईल तेव्हा 'रन' आपल्यालाच मिळणार, असं पेंबर कधीचा धरून चालला होता. घोडा धावतो तोही रन, नाक वाहतं तोही, धुण्यात रंग उतरतो तो, दुकान चालवायचं तो, नाटकाचे लागोपाठ प्रयोग होतात तोही. एवढा शब्द माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो. मुख्य संपादक डॉक्टर गार्थ यांनी तो तिला दिला. पेंबरला मिळाले 'रम', जनावराचा मागचा पुठ्ठा तो 'रंप' आणि शिडीची पायरी तो 'रंग'. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणालं, घोडा गेला बाईंकडे, त्याचं ढुंगण तेवढं पेंबरकडे. सगळे हसले. तीही हसली, हे पेंबर विसरला नाही.

सात महिने तो तिच्या टेबलाकडे बघत होता. चिठ्ठ्यांचे ढीग टेबलावर मावेनात, म्हणून ती जमिनीवर गुडघे टेकून ते लावायची. स्कर्टला धूळ लागायची, केस सुटायचे. आपल्या मनात कधीच लावून झालेलं काम दुसरंच कुणी हातानं लावतंय, हे त्याला बघवत नव्हतं. ती एखाद्या अर्थापाशी अडली की त्याला बरं वाटायचं. अडकलेली ती स्वतःच सुटली की जेवण कडू लागायचं.

चिठ्ठी आगीत पडली. कडा काळ्या झाल्या, मग सगळीच.

दोन महिन्यांनी छापखान्यातून 'रन'चे कच्चे कागद आले. पेंबर चुका शोधायला बसला. आठव्या पानावर त्याचं बोट थांबलं. दूध थिजण्याचा अर्थ तिथं होता. पणजीचं वाक्यही होतं, सालासकट.

तो दिवसभर बोलावण्याची वाट बघत बसला. कुणी बोलावलं नाही. मिस लॉकियरनं नेहमीसारखा त्याच्यापुढे चहाचा कप सरकवला आणि दुसऱ्याच एका शब्दाबद्दल त्याचं मत विचारलं. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी पेंबरच डॉक्टर गार्थ यांच्या दारात जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

गार्थ यांना नवल वाटलं नाही. त्यांनी त्याला बसायला सांगितलं. चिठ्ठी जाळली त्याच आठवड्यात व्हाउल्स बाईंचं दुसरं पत्र आलं होतं. साल लिहायचं राहून गेलं होतं, म्हणून त्यांनी वाक्य पुन्हा सालासकट उतरवून पाठवलं होतं. आणि पोच कार्डाबद्दल मिस्टर पेंबरचे आभार मानले होते. प्रत्येक पत्राची पोच द्यायची, ही बावीस वर्षांची सवय. जाळण्याआधी ती त्यानं दिली होती, हे त्याच्या ध्यानातही नव्हतं.

"ते पत्र मिस लॉकियरच्या हाती पडलं. पहिलं पत्र कचेरीभर शोधून झाल्यावर ती माझ्याकडे आली," गार्थ म्हणाले. "मी तुम्हाला काढून टाकायचं पत्र लिहायला घेतलं होतं, पेंबर. ती या खुर्चीत बसून राहिली. मी ते पत्र फाडेपर्यंत उठली नाही."

"का?" पेंबरनं विचारलं.

गार्थ यांनी चष्मा काढला.

"मीही विचारलं तिला. ती म्हणाली, 'रन' पेंबरना मिळाला असता तर ती चिठ्ठी मी जाळली असती. आणि पोचही दिली नसती."