पेरनेतचं बोट

तिसऱ्या चकतीवर पेरनेतनं कानस थांबवली. सोन्याची ती कोरी चकती मधल्या बोटाच्या टोकावर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाली, "झालं."

फ्रान्सच्या राजाची टांकसाळ ती. मोहर उमटण्याआधी चकत्या घासून नेमक्या वजनाला आणायचं काम बायकांचं, आणि तो हक्क आईकडून लेकीकडे यायचा. पेरनेतची आई हिवाळ्यात वारली. आज तिन्ही चकत्या बरोबर उतरल्या तर आईची जागा तिची. एक जरी चुकली तर घराण्याचा हक्क कायमचा गेला. जड चकती पुन्हा घासता येते. हलकी झाली की संपलंच.

पहिल्या दोन बरोबर उतरल्या होत्या. परीक्षक ग्विशार मास्तरांनी त्या तिथंच टेबलावर पुडीत बांधून वर लाल लाख लावली होती. आता त्यांनी तिसरी तराजूत टाकली. पारडं खाली गेलं.

"जड आहे. घास."

पेरनेतनं चकती पुन्हा बोटावर घेतली. "नाही मास्तर, बरोबर आहे."

"म्हणजे राजाचा काटा खोटा आणि तुझं बोट खरं?"

बाकावरच्या बायका फिदीफिदी हसल्या. त्यांच्यातल्या बेन्वात मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं बये, दोनदा कानस फिरव नि मोकळी हो! आईसारखा हट्ट करू नकोस."

 पेरनेतचा हात कानशीकडे गेलासुद्धा. मग तिनं तो मागं घेतला.

"हिला मी आता घासणार नाही, मास्तर. नापास करायचं तर करा."

ग्विशार भडकले. तिच्या नाकासमोर नाचवायला त्यांनी पारडंच काढून उचललं, आणि थबकले. पारड्याच्या बुडाला लाखेचा लाल थेंब चिकटला होता. मघाशी पुडी बांधताना त्यांच्याच हातून टेबलावर सांडलेला, तिथं टेकलेल्या पारड्याला लागलेला.

 मास्तरांनी नखानं लाख खरवडली, पारडं पुसून अडकवलं, चकती टाकली. काटा मधोमध उभा राहिला.

"काय बोट आहे गं बाई!" बेन्वात मावशीच्या तोंडून निघून गेलं.

 ग्विशारांनी दुसऱ्या पारड्यातलं राजाच्या शिक्क्याचं पितळी वजन उचललं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"पेरनेतबाई, हेही जरा बोटावर घेऊन बघता का? तीस वर्षं मी यावरच विसंबून आहे."